वाढं सुरू झालं, आता रेडकांच्या वजनाकडे बघा

साखर कारखान्यांची मोळी पडली, म्हणजे गाळप सुरू झालं, की कोल्हापूर जिल्ह्यात करवीरपासून शिरोळपर्यंत गोठ्यागोठ्यात हिरवं वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, येऊन पडतात. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या आगेमागे व्यालेल्या म्हशींची रेडकंही याच दिवसांत दावणीला असतात. वाढं मोठ्या जनावराला चालतं. सहा महिन्यांच्या आतल्या रेडकाला त्यावर ठेवलं तर पोट तेवढं सुटतं, वजन वाढत नाही. वाढ्यात प्रथिनं कमी असतात, शिवाय त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं.

हल्ली बहुतेक जण पंढरपुरी म्हशीलाही थोराड मुऱ्हा जातीच्या रेड्याची कांडी (कृत्रिम रेतनाचं गोठवलेलं वीर्य) भरतात. रेडकू थोराड निघावं ही अपेक्षा रास्त आहे. एकाच गोठ्यात, एकाच खुराकावर वाढलेल्या जनावरांच्या वजनात जो फरक दिसतो, त्यातला ढोबळमानाने तिसरा हिस्सा रक्तातून आलेला असतो. म्हणूनच अमेरिकेत मांसासाठी वासरं पाळणारे अँगस जातीचा वळू घेताना त्याच्या पिल्लांची वजनं किती भरतील याचे आकडे आधी बघतात. आपणही कांडीवरचा रेड्याचा नंबर लिहून ठेवावा. तो रेडा पुढे त्याच्याच लेकीवर येऊ नये. गावातला एकच रेडा वर्षानुवर्षं चालवला की रेडकं बारकी आणि अशक्त निपजतात, त्याचं कारण हेच.

पण कांडी भारी आणि पोटाला उरलंसुरलं, असा कारभार असेल तर मुऱ्हाचा पैसा वाया गेला म्हणून समजा. मोठ्या हाडाच्या रेडकाची भूकही मोठी असते. अपुऱ्या खुराकावर ते काटक पंढरपुरीपेक्षाही मागे पडतं.

इथे हिशोबच मांडू. रेडकाला वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं दूध लागतं, म्हणजे ३० किलोच्या रेडकाला दिवसाला ३ लिटर. आपल्याकडे रेडकासाठी एक सड सोडायची रीत आहे आणि तो बहुतेक वेळा पुढचा असतो. मागच्या सडांना दूध जास्त, पुढच्यांना कमी. ८ लिटरच्या म्हशीचा पुढचा सड दोन्ही वेळचे मिळून दीड-पावणेदोन लिटर देतो. म्हणजे रेडकू अर्धपोटीच राहतं. निदान पहिला महिनाभर तरी मागचा सड सोडा, नाहीतर सरळ मापून बाटलीने पाजा. दूध संघाला थोडं कमी जाईल, ते सोसावं. चिकाचंही तसंच. पहिला चीक तासा-दोन तासांत रेडकाच्या पोटात गेला पाहिजे, कारण दिवस उलटला की त्यातली रोगप्रतिकारक द्रव्यं आतड्यातून रक्तात जाणं जवळपास थांबतं. खरवसाची वाटी शेजारी नंतरही पाठवता येते.

दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर भरडा आणि स्वच्छ पाणी पुढे ठेवा. घरचा भरडा करायचा तर १०० किलोला मका ४५, सोया पेंड २८, गव्हाचा कोंडा २४, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो. सरकी पेंड लहान रेडकाला नको. तिच्यातलं गॉसिपॉल मोठं जनावर पचवतं, कोठीपोट (चारा आंबवणारं मोठं पोट) तयार न झालेल्या रेडकाला ते बाधतं. युरिया लावलेली वैरणही नको.

जंताचं पहिलं औषध दहाव्या ते चौदाव्या दिवशीच द्यावं, कारण म्हशीच्या रेडकात गोल जंत आईच्या दुधातूनच येतात. मातकट, घाण वासाचं शेण आणि सुटलेलं पोट ही खूण. गगनबावडा, राधानगरी भागात भाताच्या पाणथळ रानात चरलेल्या मोठ्या रेडकांना यकृतातले चपटे जंतही होतात. त्यांचं औषध वेगळं असतं, शेण तपासून पशुवैद्यकाकडूनच घ्या.

वजनकाटा नसला तरी टेप असतो. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचात घ्या, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, हे झाले अंदाजे किलो. घेर ४० आणि लांबी ३४ असेल तर ८२ किलो. महिन्याने ४२ आणि ३५ भरली तर साडे ९३. म्हणजे दिवसाला पावणेचारशे ग्रॅम वाढ. मुऱ्हाच्या रक्ताच्या रेडकाला ती कमीच, पाचशेच्या पुढे जायला हवी. अशा वेळी कांडीला दोष देण्याआधी गव्हाण बघा. महिनोन् महिने पोटभर खाऊनही एकाच रेड्याची सगळी रेडकं मागे पडत असतील, तर मात्र रेडा बदला.

थंडीत ओल्या फरशीवर बांधलेलं रेडकू खाल्लेलं अंगात ऊब धरण्यातच खर्च करतं. खाली कोरडं पाचट टाका, भिजलं की बदला. लाळ्या-खुरकूतची पहिली लस चौथ्या महिन्यात येते. पारडीला, म्हणजे मादी रेडकाला, ब्रुसेलाची (गाभ टाकायला लावणाऱ्या रोगाची) लस ४ ते ८ महिन्यांच्या दरम्यान, एकदाच.