मूल दत्तक घ्यायचंय? अर्जातला वयाचा रकाना सावकाश भरा

कोविडच्या दुसऱ्या लाटेत व्हॉट्सअ‍ॅपवर निरोपांचा पूर आला होता. आईवडील दोघंही गेले, तान्हं बाळ आहे, हवं असल्यास या नंबरवर फोन करा, अशा अर्थाचे. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा दत्तक देणाऱ्यांवर कारवाई करा असं राज्यांना बजावलं, तरी असे निरोप थांबलेले नाहीत. त्या नंबरवर फोन करू नका, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर कळवा. मूल विकणं जसा गुन्हा, तसंच विकत घेणंही. पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपये दंड. दवाखान्यातल्या कुणाचा हात असेल तर त्याला तीन ते सात वर्षं. तेव्हा ‘बाळंतपणाचा खर्च तेवढा द्या, बाकी मी बघते’ म्हणणारी ओळखीची बाई कितीही भली वाटली तरी तिच्या वाटेला जाऊ नका.

सरळ वाट एकच, ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाच्या पोर्टलवरची. (नात्यातलं मूल घ्यायचं असेल तर त्याची पद्धत वेगळी आहे, ती इथे नको.)

आधी आपण नियमांत बसतो का ते पाहा. जोडप्याचा संसार किमान दोन वर्षांचा हवा आणि दोघांचीही संमती हवी. एकट्या बाईला मुलगा किंवा मुलगी कुणीही दत्तक घेता येतं, एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही. पालक आणि मूल यांच्यात किमान २५ वर्षांचं अंतर लागतं. जोडप्याच्या वयाची बेरीज धरतात, ती जास्तीत जास्त : दोन वर्षांच्या आतल्या मुलासाठी ८५, दोन ते चारसाठी ९०, चार ते आठसाठी १००, त्यापुढे ११०. एकट्यांसाठी हेच आकडे ४०, ४५, ५० आणि ५५. घरात आधीच दोन मुलं असतील तर विशेष गरजा असलेलं किंवा सहजासहजी घर न मिळणारं मूलच मिळू शकतं.

मग नोंदणी. जन्मदाखला, पॅन, पत्त्याचा आणि उत्पन्नाचा पुरावा, विवाह प्रमाणपत्र, डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, कुटुंबाचा फोटो हे सगळं स्कॅन करून हाताशी ठेवा. फॉर्म भरायला एजंट लागत नाही.

खरा विचार करायचा तो वयाच्या रकान्यापाशी. बहुतेक जण डोळे मिटून ‘० ते २’ वर टिचकी मारतात आणि मग साधारण तीन-चार वर्षं रांगेत थांबतात. ‘सरकार मुलंच देत नाही’ ही तक्रार तिथूनच येते. तान्ही, निरोगी, कायद्याने दत्तकासाठी मोकळी झालेली बाळं कमी आणि मागणारे फार, असं हे गणित आहे. उलट सहा-आठ वर्षांची मुलं, एकत्रच राहायला हवीत अशी भावंडं, जन्मतः ओठ दुभंगलेली किंवा ऐकू कमी येणारी मुलं संस्थांमध्ये वाट पाहत असतात. नोंदणी आणि होम स्टडी (समाजकार्यकर्ती घरी येऊन करते ती पाहणी) झालेल्या पालकांना अशी मुलं रांगेतल्या ज्येष्ठताक्रमाबाहेरही निवडता येतात. मोठं मूल सगळ्यांना झेपेल असं मी म्हणणार नाही. पण ‘मोठ्या मुलाचा लळा लागत नाही हो’ हे ऐकीव वाक्य आहे. ते आपलंच मत आहे का, एवढं घरात बसून एकदा तपासा.

होम स्टडीचं लोक उगाच दडपण घेतात. समाजकार्यकर्ती घरी येते ती फरशी किती चकचकीत आहे हे बघायला नव्हे. दोघं कामावर गेल्यावर मुलाला कोण सांभाळणार, भांडण झालं की काय करता, ‘तुला आम्ही दत्तक घेतलंय’ हे त्याला कधी सांगणार, असं ती विचारते. आजींशी स्वयंपाकघरात वेगळं बोलते. आजींनी ‘रक्त कुणाचं कोण जाणे’ म्हटलं तर काम बिघडलं असं नाही, पण हे बोलणं घरात आधीच होऊन गेलेलं बरं. हा अहवाल तीन वर्षं चालतो.

नंबर लागला की पोर्टलवर मुलाचा फोटो, माहिती आणि वैद्यकीय अहवाल येतो. ४८ तासांत मूल राखून ठेवायचं, मग संस्थेत जाऊन भेटायचं. होकार देऊन बाकीची पूर्तता ३० दिवसांत करायची. वैद्यकीय अहवाल आपल्या बालरोगतज्ज्ञाला जरूर दाखवा, तो तुमचा हक्क आहे. होकारानंतर आधी पूर्व-दत्तक संगोपन म्हणून मूल घरी येतं, अंतिम आदेश मागाहून.

आदेशाबाबत एक पेच आहे. सप्टेंबर २०२२ पासून तो न्यायालयाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांनी द्यायचा असं ठरलं, त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान मिळालं आणि जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयातली प्रकरणं जिल्हाधिकाऱ्यांकडे वर्ग करायला अंतरिम स्थगिती आली. म्हणून आपला अर्ज नेमका कुठे जाणार हे जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारूनच घ्या. आदेश हातात आला की त्यावर मुलाचा नवा जन्मदाखला काढा, शाळाप्रवेशाची वाट बघू नका. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुरावा होतो. मूल रुळत नसेल तर तेव्हा लपवू नका, समुपदेशन मागा.

कायमचं दत्तक घेण्याची तयारी नसेल तर प्रतिपालकत्व (फॉस्टर केअर), म्हणजे मूल काही काळ आपल्या घरी सांभाळणं, आहे. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार सहा वर्षांवरची मुलं अशी घरात ठेवता येतात, ३५ ते ६० वयाच्या एकट्या व्यक्तींनाही. दोन वर्षांनंतर तेच मूल दत्तक मागता येतं, पूर्वी त्यासाठी पाच वर्षं लागत. बाळाची रांग चुकवायची पळवाट म्हणून मात्र इकडे येऊ नका, कारण मूल त्याच्या आईवडिलांकडे परतही जाऊ शकतं. अर्ज ऑनलाइन पोर्टलवर करायचा, तो जिल्हा बाल संरक्षण कक्ष पाहतो, आणि मूल कुणाच्या घरी ठेवायचं ते बालकल्याण समिती ठरवते.