‘सर्व्हर दिसत नाही’ म्हणताना होणाऱ्या चुका टाळा

दादरचं सीएचं ऑफिस असो की अंधेरी एमआयडीसीतला गाळा, तक्रार एकच असते: “सर्व्हर दिसत नाही.” या एका वाक्यात निदान चार वेगळे बिघाड लपतात, म्हणून आधी शब्द नीट वापरा.

लहान ऑफिसातला हा ‘सर्व्हर’ बहुधा नॅस असतो. नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेला, स्वतःची सिस्टिम असलेला डिस्कचा डबा. त्यातल्या डिस्क मिळून व्हॉल्यूम बनतो. व्हॉल्यूममधलं जे फोल्डर नेटवर्कवर खुलं केलंय, तो शेअर. तुमच्या विंडोजमधला झेड ड्राइव्ह हा फक्त त्या शेअरचा पत्ता. झेडवर लाल फुली दिसली म्हणून डेटा गेला असं समजू नका आणि घाबरून नॅस रिसेट तर मुळीच करू नका. विंडोजच्या रनमध्ये (विंडोज की + आर) दोन उलटे स्लॅश आणि नॅसचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा आकडी पत्ता, टाका. शेअर दिसले तर नॅस ठणठणीत आहे, ड्राइव्ह पुन्हा मॅप करा. नाहीच दिसले तर वीज जाऊन आल्यावर राउटरने नॅसला नवा आयपी दिलाय का ते बघा. राउटरच्या डीएचसीपीत (पत्ते वाटणाऱ्या सोयीत) नॅसचा आयपी राखून ठेवला की हा त्रास संपतो.

शेअर उघडतो पण सेव्ह होत नाही? परवानग्या दोन ठिकाणी असतात, शेअरवर आणि फाइलवर. दोन्हींपैकी जी कडक, ती लागू होते.

वेगाच्या बाबतीत बिट आणि बाइटची गल्लत फार होते. गिगाबिट म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिट. भागिले ८, म्हणजे १२५ मेगाबाइट. प्रत्यक्षात ११०च्या आसपास मिळाले तर उत्तम. कॉपी ११ मेगाबाइटवरच अडकली असेल तर डिस्कला दोष देऊ नका, लिंक १०० मेगाबिटवर उतरली आहे. गिगाबिटला केबलच्या आठही तारा लागतात, १०० मेगाबिट चारांवर भागवतं. क्रिंप करताना, म्हणजे केबलला कनेक्टर दाबून बसवताना, एखादी तार नीट बसली नाही तरी नेटवर्क चालूच राहतं, म्हणून कुणाला संशय येत नाही. विंडोजमध्ये अ‍ॅडॅप्टरचं स्टेटस उघडून स्पीड वाचा आणि कनेक्टर नव्याने मारा.

सगळ्यात महाग पडते ती रेडलाच (अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या पद्धतीला) बॅकअप समजण्याची चूक. ४ टीबीच्या चार डिस्क रेड ५ मध्ये लावल्या की १२ टीबी हाती येतात (मोजायची पद्धत वेगळी म्हणून विंडोज ते १०.९ दाखवतं) आणि एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं. पण रिबिल्ड, म्हणजे बदललेल्या डिस्कवर डेटा पुन्हा उभा करणं, पूर्ण होण्याआधी दुसरी गेली तर सगळा व्हॉल्यूम जातो. चुकून डिलीट केलेली फाइल रेड वाचवत नाही, आणि दोन ठिकाणच्या फाइली सारख्या ठेवणारं सिंक तर ते डिलीटही इमानेइतबारे पुढे पोचवतं. स्नॅपशॉट (व्हॉल्यूमची ठरावीक वेळची जपलेली स्थिती) अशा वेळी कामी येतो, पण तोही त्याच डब्यात असतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला; तळमजल्यावर तसं पाणी शिरलं की चारही डिस्क एकदमच भिजतात. बॅकअप वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या इमारतीत ठेवा. महिन्यातून एकदा त्यातली टॅलीची एक कंपनी दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करा, उघडा आणि शेवटचं व्हाउचर कोणत्या तारखेचं आहे ते बघा.