आयर्लंडमधली जुनी थडगी वाचताना या चुका टाळा

तारेचा ब्रश घरी ठेवा. खडू, ब्लीच, शेव्हिंग क्रीमसुद्धा.

कॉर्कजवळ एका पडक्या चर्चच्या आवारात एक गृहस्थ पणजोबांच्या आजोबांचं थडगं शोधत आले होते. दगड लाल वालुकाश्माचा, वर शेवाळ. मी शेजारच्या दगडावरच्या ओळी उतरवत होतो, तेवढ्यात त्यांनी ब्रश चालवला. दहा मिनिटांत शेवाळ निघालं आणि त्याच्याबरोबर दगडाचा पापुद्राही. गवतावर लालसर चुरा पडला होता. मृत्यूचं वर्ष त्या चुऱ्यात गेलं. आयर्लंडमध्ये मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली १८६४ मध्ये. त्याआधीचे ढीगभर कागद १९२२ च्या यादवीत डब्लिनच्या दफ्तरखान्यात जळाले. अशा घराण्यांसाठी दगड हाच दाखला असतो, आणि तो आपण खरवडून काढतो!

मी टॉर्च वापरतो. संध्याकाळी, दगडाच्या कडेला जवळजवळ टेकवून तिरपा उजेड टाकायचा. खाचांत सावली भरली की अक्षरं उठतात. भर उन्हात हेच काम आरसा करतो. एका दगडाला अर्धा तास जातो. तेवढा धीर नसेल तर फोटो काढावा आणि निघावं.

सगळ्यात वरचं नाव मृताचंच असेल असं धरू नका. ‘इरेक्टेड बाय’च्या पुढे दगड उभारणाऱ्याचं नाव असतं. त्या बिचाऱ्याला वंशावळीत वडिलांच्या आधी मारलेलं मी कितीदा पाहिलंय.

कवटी आणि हाडं कोरलेली दिसली म्हणजे तिथे समुद्री चाचा पुरलेला नसतो.

प्रत्येक केल्टिक क्रॉस, म्हणजे मधोमध वर्तुळ असलेला दगडी क्रूस, हजार वर्षांचा नसतो. पुष्कळसे एकोणिसाव्या शतकातले आहेत.

शेवटी पुरलेल्याने पुढचा येईपर्यंत दफनभूमीची राखण करायची, म्हणून एकाच दिवशी दोन अंत्ययात्रा आल्या की फाटकात आधी शिरायला चढाओढ, ही कथा ऐकली की लोक त्या गावचा इतिहास म्हणून लिहून मोकळे होतात. ती कितीतरी काउंट्यांत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांत, सांगतात. १९३७ ते १९३९ दरम्यान शाळकरी मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून उतरवून घेतलेल्या कथा ‘डूखस’ या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. मी आधी तिथे शोधतो, मग लिहितो.

आणि झुडपांतले बिनअक्षरी लहान दगड हलवू नका, त्यांवर बसूही नका. ते ‘किलीन’ असू शकतं. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांना चर्चच्या पवित्र जमिनीत जागा नव्हती, म्हणून त्यांना जुन्या मातीच्या गढीत, शेताच्या बांधाला, बहुतेकदा रात्री पुरत. मेयो काउंटीत अशा दगडांपाशी पांढऱ्या गारगोट्या ठेवलेल्या मी पाहिल्यात. त्याही उचलू नका.