जाम ऑक्सिजन सेन्सर सोडवताना

गाडीतले बिघाड दाखवणाऱ्या स्कॅनरवर पी०१३५ कोड आला तर बिघाड कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) आधीच्या, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या हीटर सर्किटमध्ये असतो. म्हणून आधी फ्यूज आणि वायर बघा, उगाच नवा सेन्सर कशाला? बदलायचाच असेल तर आदल्या रात्री थंड एक्झॉस्ट पाइपावर (धूर बाहेर नेणारा), सेन्सरच्या बुडाशी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी इंजिन दोनेक मिनिटं चालवून बंद करा. कोमट पाइपात आटे लवकर सुटतात. हातमोजे हवेतच. कनेक्टर काढून, वायरसाठी खाच असलेला २२ मिमीचा सॉकेट लावा (बहुतेक गाड्यांना हाच बसतो). साध्या पान्याने कडा झिजल्या की मग रडत बसा! नवा सेन्सर आधी हातानेच फिरवून बसवा. अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) फक्त आट्यांना, टोकाला अजिबात नाही. बऱ्याच सेन्सरना ते आधीच लावलेलं असतं.