जास्तीचं काम केलं आणि टक्के घटले

पहिल्यांदा ऑनलाइन कोर्स चालवायला घेतला तेव्हा ग्रेडबुक म्हणजे आपली गुणांची वहीच, असं मी धरून चालले होते. रकाने आखायचे, गुण भरायचे, बेरीज यंत्र करेल. मग एका विद्यार्थिनीचा मेसेज आला, "मॅडम, मी ऐच्छिक असाइनमेंट केली आणि माझे टक्के कमी झाले. असं कसं?"

आधी वाटलं, तिचाच काहीतरी गोंधळ असेल. नव्हता. तिला १०० पैकी ९० होते. दहा गुणांच्या ऐच्छिक कामात ७ मिळाले. माझ्या मते तिचे ९७ व्हायला हवे होते. ग्रेडबुकने काढले ११० पैकी ९७, म्हणजे ८८.२ टक्के. मी ते काम साध्या असाइनमेंटसारखं टाकलं होतं, त्यामुळे वर ७ मिळाले तसे खाली १० वाढले. नावात "एक्स्ट्रा क्रेडिट", म्हणजे जास्तीचे गुण, असं लिहिलं होतं खरं, पण ग्रेडबुक नाव वाचत नाही!

हे जरा घोळवून सांगते, कारण इथेच मी दोन आठवडे अडकले होते. ज्यांनी ते काम केलंच नाही त्यांचे टक्के जसेच्या तसे दिसत होते, म्हणून मला शंकाही आली नाही. मी कोर्स मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या सॉफ्टवेअरवर चालवते. त्यात रिकामे रकाने हिशेबातून वगळायची सेटिंग असते आणि माझ्याकडे ती चालू होती. मग एके दिवशी मी नीटनेटकेपणाच्या हौसेने रिकाम्या जागी शून्य भरले. ८० वाल्याचे लगेच ८० भागिले ११०, म्हणजे ७२.७ झाले. काम ऐच्छिक, आणि न करणाऱ्याला शिक्षा. त्या रात्री आलेले मेसेज आठवले की अजून पोटात गोळा येतो.

उपाय अगदी लहान आहे. मूडलमध्ये ग्रेडबुक सेटअपमध्ये जाऊन त्या आयटमवर एक्स्ट्रा क्रेडिटची टिक करा. टिकेचा चौकोनच दिसत नसेल तर त्या कॅटेगरीची, म्हणजे आयटम ज्या गटात आहे त्याची, अ‍ॅग्रिगेशन पद्धत (गुण एकत्र करायची रीत) बघा. नॅचरलमध्ये तो दिसतो, वेटेड मीनमध्ये दिसत नाही. कॅनव्हास या मूडलसारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अशा असाइनमेंटचे एकूण गुण शून्य ठेवायचे. शून्यापैकी सात हे दिसायला विचित्र दिसतं, पण चालतं. तिथे असाइनमेंटच्या गटांना वेटेज, म्हणजे एकूणातला ठरावीक टक्के वाटा, दिला असेल, तर हे शून्य गुणांचं काम नेहमीच्या असाइनमेंट असलेल्या गटात ठेवा. गटात ते एकटंच असेल तर तो गट हिशेबातच येत नाही.

उशिरा लक्षात आलं तरी घाबरू नका. भरलेले गुण कुठे जात नाहीत, फक्त एकूण नव्याने मोजलं जातं. टिक बरोबर बसली की न करणाऱ्याला शून्य द्या नाहीतर रकाना रिकामा सोडा, फरक पडत नाही.

एक मात्र करू नका. मला एका अनुभवी सहकाऱ्यांनी सल्ला दिला होता, "कशाला एवढा खटाटोप? एकूण गुणांच्या रकान्यात हाताने आकडा टाक." मी चार जणांचा टाकला. मूडलमध्ये असा ओव्हरराइड केलेला, म्हणजे हिशेब बाजूला सारून हाताने भरलेला, आकडा तिथेच गोठतो. पुढची क्विझ झाली, सगळ्यांचं एकूण हललं, या चार जणांचं हललं नाही. "सोपं आहे गं" म्हणणाऱ्यांचं ऐकण्याआधी त्यांनी स्वतः शेवटचं ग्रेडबुक कधी लावलं होतं ते विचारा.

वेटेजचा हिशेब कागदावर करूनच मग वर्गाला शब्द द्या. मी "पाच गुण जास्तीचे" असं जाहीर केलं होतं. क्विझची कॅटेगरी ५० गुणांची आणि कोर्समध्ये तिचं वजन २० टक्के. पन्नासातले पाच म्हणजे दहा टक्के, आणि विसाचे दहा टक्के म्हणजे दोन. मुलांच्या हाती पाच नाही, दोनच पडले. तक्रार रास्त होती.

आता मी आधी पेनने तीन खोटे विद्यार्थी मांडते: एक काम केलेला, एक न केलेला, एक आधीच ९८ वर असलेला. तिघांचं उत्तर ग्रेडबुकशी जुळलं तरच वर्गाला दाखवते. तिसरा मुद्दाम घेते, कारण मूडलमध्ये अ‍ॅडमिनने अमर्याद गुणांची परवानगी दिली नसेल तर कोर्सचं एकूण कमाल गुणांवरच थांबतं. ९८ वाल्याने पाच मिळवले तरी त्याचे १००च होतात. हे त्याला काम करायच्या आधी सांगा.