पोकेमॉन गोच्या ग्रेट लीगसाठी टीम बांधताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर भाच्यानं पोकेमॉन गो हा मोबाइल गेम उघडून माझ्यापुढे फोन धरला. "मामा, हा लीगमध्ये दिसतच नाहीये."

स्क्रीनवर त्याचा स्वॅम्पर्ट हा पोकेमॉन होता, सीपी (म्हणजे लढण्याच्या ताकदीचा आकडा) १५०७. दीड महिना मडकिप, म्हणजे स्वॅम्पर्टचं पहिलं रूप, पकडून पोरानं उत्क्रांतीला लागणारी कँडी साठवली होती. २५ देऊन मार्शटॉम्प केला, पुढे १०० देऊन स्वॅम्पर्ट, आणि शेवटी पॉवर अपचं बटण एकदा जास्तीचं दाबलं गेलं. खेळाडूंनी एकमेकांशी लढायच्या ग्रेट लीगमध्ये सीपीची मर्यादा १५०० आहे. वाढवलेला सीपी मागे घेता येत नाही. त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना, म्हणून त्या दिवशी फार काही बोललो नाही. पण ही चूक इतक्या जणांची होते की सुरुवात तिथूनच करतो.

उत्क्रांती आधी करा, पॉवर अप सगळ्यात शेवटी. उत्क्रांतीच्या वेळी सीपी एकदम मोठी उडी घेतो, आणि ती उडी किती असेल हे नुसतं बघून कळत नाही. १४५०च्या वर गेलात की एकेक पायरी चढा आणि दर वेळी आकडा वाचा. असा हुकलेला पोकेमॉन मात्र ट्रान्सफर करू नका. अल्ट्रा लीगची मर्यादा २५०० आहे, तिथे तो पुढे वाढवून वापरता येतो.

तीन ताऱ्यांचा मोह

हा गेम भारतात डिसेंबर २०१६मध्ये आला. तेव्हापासून खेळणाऱ्यांकडे तीन-तीन हजार सीपीच्या पोकेमॉनची रांग असते, आणि अप्रेजलमध्ये, म्हणजे गेम पोकेमॉनची पारख करून दाखवतो तिथे, तारे जास्त दिसले की तो चांगला, असं डोक्यात घट्ट बसलेलं असतं. रेडसाठी, म्हणजे एका बलाढ्य पोकेमॉनला मिळून हरवायच्या लढतीसाठी, ते बरोबर आहे. १५००च्या लीगमध्ये हिशोब उलटा होतो.

सीपीच्या सूत्रात अटॅक पूर्ण धरला जातो, डिफेन्स आणि एचपीचं (पोकेमॉनच्या जीवाचं) मात्र वर्गमूळ घेतलं जातं. म्हणजे अटॅक वाढला की सीपी झपाट्यानं वाढतो आणि मर्यादा लवकर गाठली जाते. या तिन्हींसाठी प्रत्येक पोकेमॉनला ० ते १५मधला स्वतःचा एकेक आकडा मिळालेला असतो, त्याला आयव्ही म्हणतात. अटॅक ०, बाकी दोन्ही १५ असा स्वॅम्पर्ट अप्रेजलमध्ये दोनच तारे दाखवतो, पण त्याच १५००मध्ये त्याची लेव्हल जास्त बसते आणि तो मार जास्त सोसतो. मुळातच १५००पर्यंत न पोचणारे काही पोकेमॉन आहेत. त्यांना मात्र तिन्ही आकडे १५च हवेत.

इथे आपल्या नाशिकच्या पावसाचा एक पेच आहे. पावसात पाण्याचे, विजेचे आणि कीटक प्रकारचे पोकेमॉन वेदर बूस्ट, म्हणजे हवामानामुळे मिळालेलं जास्तीचं बळ, घेऊन येतात. मडकिप भरपूर दिसतात, कँडी मिळते, सगळं छान. पण बूस्ट असलेल्या पोकेमॉनचा कुठलाही आयव्ही ४च्या खाली जात नाही. रेड, अंडी आणि रिसर्चमधून मिळालेल्यांचा १०च्या खाली नाही. म्हणून कँडी पावसात गोळा करा आणि स्वॅम्पर्टसाठीचा मडकिप उघडीप असताना पकडलेल्यांतून निवडा. दुसरा रस्ता ट्रेडचा, म्हणजे मित्राशी पोकेमॉनची अदलाबदल करण्याचा. ट्रेडमध्ये तिन्ही आकडे नव्यानं पडतात, आणि मैत्री जितकी नवी तितका किमान आकडा लहान. बेस्ट फ्रेंडबरोबर तो ५ असतो, नुसत्या गुड फ्रेंडबरोबर १. लकी ट्रेड तर या कामाला अजिबात नको, तिथे किमान १२ मिळतात.

तीन बलवान म्हणजे टीम नव्हे

मला सगळ्यात जास्त कळकळीनं सांगायचं आहे ते हे. चॅरिझार्ड, ग्यारॅडॉस आणि ड्रॅगोनाइट ही तिकडी मी कितीतरी मुलांच्या फोनवर पाहिली आहे. तिघेही देखणे, तिघेही आवडते. आणि तिघेही उडणाऱ्या प्रकारचे, म्हणजे तिघांनाही दगड प्रकारचा मार जास्त बसतो. चॅरिझार्डला तर दुहेरी. या गेममध्ये एका कमजोरीला १.६ पट नुकसान होतं, दुहेरीला २.५६ पट. समोरच्याकडे चांगला दगडी पोकेमॉन एकच असला तरी तुमची अख्खी टीम त्याच्यासमोर रांगेत उभी आहे.

टीम बांधताना पहिला प्रश्न हा विचारा: माझा पहिला गडी ज्याला भितो, त्याला माझ्यातला कोण अडवतो? स्वॅम्पर्ट पाणी आणि जमीन प्रकारचा, त्याला गवत सोडून काहीच जड जात नाही, पण गवत २.५६ पटीनं लागतं. स्कार्मरी पोलाद आणि उडणारा, त्याच्यावर गवताचा फारच कमी परिणाम होतो. स्कार्मरीला आग आणि वीज नकोशी. आगीला स्वॅम्पर्ट बघतो आणि वीज तो सहज झेलतो. दोघे एकमेकांची पाठ राखतात. उरले पाण्याचे पोकेमॉन, ज्यांच्यावर या दोघांचा म्हणावा तसा जोर चालत नाही. तिथे गवत प्रकारचा व्हीनसॉर. व्हीनसॉरला आग लागते, पण आगीसाठी स्वॅम्पर्ट आहेच. ही तिकडी अजिंक्य वगैरे नाही. पण कोण कशासाठी आहे हे तिघांबद्दलही सांगता येतं, आणि नवख्याला तेच हवं.

जाणूनबुजून दोघांची कमजोरी सारखी ठेवायची आणि तिसऱ्यानं तिचा काटा काढायचा, अशीही पद्धत आहे. चांगले खेळाडू ती वापरतात. पहिल्या सीझनला तिच्या वाटेला जाऊ नका.

टीम बरोबर, तरी हार

बऱ्याचदा दोष मूव्हमध्ये सापडतो. दुसरी चार्ज मूव्ह, म्हणजे साध्या फटक्यांनी एनर्जी साठली की मारायचा मोठा वार, उघडलेलीच नसते. स्वॅम्पर्ट, व्हीनसॉरसारख्या स्टार्टर्सना त्यासाठी १०,००० स्टारडस्ट (गेममधलं चलन) आणि २५ कँडी लागतात, लेजेंडरींना १,००,००० आणि १००. त्यामुळे स्टारडस्ट बेतानं असेल तर स्टार्टर्सपासूनच सुरू करा. आणि स्वॅम्पर्टवर हायड्रो कॅनन ही चार्ज मूव्ह असेल तर साधा चार्ज टीएम (चार्ज मूव्ह बदलणारी वस्तू) चुकूनही मारू नका. ती मूव्ह गेली तर परत आणायला एलिट टीएम लागतो, आणि तो असा वाया घालवायची वस्तू नाही.

मग येते मोजणी. मड शॉट या त्याच्या साध्या मूव्हचे पाच फटके पडले की हायड्रो कॅनन तयार. समोर स्वॅम्पर्ट दिसला की मनात एक, दोन, तीन मोजायला लागा. पाचव्यानंतरही समोरचा थांबला, तर तो अर्थक्वेक या जास्त एनर्जी लागणाऱ्या चार्ज मूव्हसाठी एनर्जी साठवतोय हे ओळखा आणि शील्ड, म्हणजे चार्ज मूव्ह अडवणारी ढाल, त्यासाठी ठेवा. भाच्याची सवय होती पहिल्या आवाजालाच शील्ड टाकायची. दोन्ही शील्ड पहिल्या मिनिटात संपायच्या आणि शेवटचा व्हीनसॉर उघडा पडायचा. याच्या उलट, दोन्ही शील्ड जपून ठेवून लढत हरणारेही तितकेच आहेत.

फटके मध्येच गिळले जात असतील तर आधी नेटवर्क बघा. जुन्या नाशिकच्या गल्ल्यांत, वाड्यांच्या भिंतींआड, माझा फोन हमखास अडखळतो. अर्ध्या सेकंदाच्या टर्नवर चालणाऱ्या लढतीत तेवढंही महागात पडतं. एका जागी उभे राहा, बॅटरी सेव्हर बंद करा, मग खेळा. स्कूटरवर मागे बसून तर नकोच.

शेवटची चूक उतावळेपणाची. दोन लढती हरल्या की टीम बदलली. दिवसाला पाच संच मिळतात, प्रत्येकात पाच लढती. निदान तीन दिवस तीच टीम ठेवा आणि प्रत्येक हार लिहून काढा: समोर सुरुवातीला कोण होता, माझा कोण आधी पडला, शील्ड किती उरल्या. भाच्यानं नवा स्वॅम्पर्ट १४९६वर थांबवला आणि शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर असा तक्ता मांडला. तिसऱ्या दिवशी वही घेऊन आला. बहुतेक हारींत सुरुवातीलाच समोर गवत होतं. आम्ही टीममधलं कुणीच बदललं नाही, फक्त स्कार्मरीला पुढे आणला आणि स्वॅम्पर्टला शेवटी नेला.