राजपत्रात मसुदा आला: नवा शासकीय नियम कसा मंजूर होतो आणि त्यावर हरकत कशी नोंदवावी

जानेवारी २०२४ च्या अखेरीस 'सगेसोयरे' हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचला. जातप्रमाणपत्राच्या २०१२ च्या नियमांत दुरुस्ती सुचवणारी अधिसूचना सामाजिक न्याय विभागाने काढली होती. कोणी नियम झाला म्हणून गुलाल उधळला, कोणी नियम लादला म्हणून संतापले. त्या कागदावर मात्र 'मसुदा' असे स्पष्ट लिहिले होते आणि १६ फेब्रुवारीपर्यंत हरकती व सूचना मागवल्या होत्या. कोणाची बाजू बरोबर, हा या लेखाचा विषय नाही. मसुदा आणि नियम यांच्यामध्ये काही दिवसांची एक फट असते आणि वकील न लावता, कोर्टाची पायरी न चढता सामान्य माणसाला नियमाचा शब्द बदलायला लावण्याची संधी तेवढ्याच दिवसांत मिळते. त्या दिवसांचा उपयोग कसा करायचा, ते इथे सांगतो.

आधी हातातला कागद ओळखा

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या प्रत्येक शासकीय कागदाला लोक 'जीआर' म्हणतात. गोंधळ तिथूनच सुरू होतो. अधिनियम म्हणजे विधिमंडळाने किंवा संसदेने केलेला कायदा. नियम म्हणजे त्या कायद्याने दिलेल्या अधिकारात शासनाने केलेली तपशीलवार तरतूद: फी किती, अर्जाचा नमुना कोणता, मुदत किती दिवसांची, अधिकारी कोण. शासन निर्णय, म्हणजे खरा जीआर, हा शासनाचा प्रशासकीय आदेश. परिपत्रक त्याहून हलके. जीआर नियमातली मोकळी जागा भरू शकतो, पण नियमाच्या विरुद्ध जाऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६७ मध्येच सांगून ठेवले आहे.

ओळखायची खूण सोपी आहे. नियमाची अधिसूचना राजपत्रात, म्हणजे शासनाच्या अधिकृत प्रकाशनात, येते. सुरुवातीलाच ती कोणत्या अधिनियमाच्या कोणत्या कलमाचा अधिकार वापरते ते सांगते आणि शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' अशी ओळ असते. मसुदा असेल तर 'बाधा पोहोचण्याचा संभव असलेल्या सर्व व्यक्तींच्या माहितीसाठी' अशा धर्तीचे शब्द आणि एक तारीख असते. ती तारीख आधी वहीत लिहून ठेवा.

मसुदे शोधायचे तर राज्याच्या ई-राजपत्राच्या संकेतस्थळावर भाग चार-अ आणि चार-ब हे दोन भाग अधूनमधून चाळावेत. असाधारण अंकही बघावेत, कारण घाईचे बरेचसे तिथेच येते. संबंधित विभागाच्या संकेतस्थळावरही मसुदा टाकतात, पण कायद्याच्या दृष्टीने मोल राजपत्राला आहे.

मूळ कायद्याचे कलम उघडा

अधिसूचनेत दिलेले कलम मूळ अधिनियमात काढून वाचा. हे बहुतेक शेवटच्या पानांत असते आणि त्याचा समासातला मथळा 'नियम करण्याचा अधिकार' असा असतो. तिथे 'पूर्वप्रसिद्धीच्या शर्तीस अधीन राहून' हे शब्द आहेत का, ते बघा. त्या तीन-चार शब्दांवर तुमचा हक्क उभा आहे.

ते शब्द असतील तर महाराष्ट्र सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १९०४ (सगळ्या कायद्यांना लागू पडणाऱ्या सामाईक तरतुदींचा कायदा) याचे कलम २४ लागू होते. राज्य शासन केंद्राच्या कायद्याखाली नियम करत असेल, तर १८९७ च्या केंद्रीय अधिनियमाचे कलम २३. दोन्हींचा गाभा एकच: मसुदा प्रसिद्ध करायचा, तो विचारात घेण्याची तारीख जाहीर करायची आणि त्या तारखेपूर्वी आलेल्या हरकती व सूचना विचारात घ्यायच्या. 'विचारात घ्यायच्या', मान्य करायच्या असे नाही. तरीही विचार करणे हे शासनाचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे.

ते शब्द नसतील तर शासन थेट अंतिम नियम काढू शकते. काही अधिनियमांत परंतुकही ('परंतु' ने सुरू होणारे अपवादाचे वाक्य) असते, की तातडीची परिस्थिती असल्यास पूर्वप्रसिद्धी टाळता येईल. अशा वेळी मसुद्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. विभागाकडे निवेदन द्यायचे किंवा लेखाच्या शेवटी येणारा विधिमंडळाचा मार्ग धरायचा.

मंत्रालयात मसुदा कसा फिरतो

मसुद्याचा जन्म विभागाच्या एखाद्या कार्यासनात, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या शाखेत, होतो. कक्ष अधिकारी टिपणी मांडतात, फाइल अवर सचिव, उपसचिव, सचिव अशी चढत मंत्र्यांपर्यंत जाते. तिजोरीवर भार येणार असेल तर वित्त विभागाचे मत घेतात. शासनाच्या कामकाजाच्या नियमांप्रमाणे (कार्यनियमावली) विषय मंत्रिमंडळाकडे न्यावा लागत असेल तर तो तिथे जातो. विधी व न्याय विभाग मसुदा तपासतो: मूळ कायद्याने इतका अधिकार दिला आहे का, वाक्यरचनेतून दोन अर्थ निघतात का, दुसऱ्या कायद्याशी टक्कर होते का. मराठी पाठासाठी भाषा संचालनालय आहे, जे १९६० पासून हे काम करते.

हे माहीत असण्याचा उपयोग असा, की आपल्या हरकतीतले कोणते वाक्य कोणासाठी आहे ते कळते. कायद्याचा मुद्दा विधी विभागाच्या नजरेला पडावा असा वेगळा लिहायचा. व्यवहारातली अडचण मात्र कार्यासनातल्या माणसाला पटली पाहिजे, कारण फाइलवर पहिली टिपणी त्याचीच असते.

मसुदा वाचताना तीन कागद शेजारी ठेवा

मसुदा, सध्याचा नियम आणि मूळ कलम. दुरुस्तीचा मसुदा एकटा वाचून काही कळत नाही. 'नियम ८, पोटनियम (२) मधील "तीस" या शब्दाऐवजी "सात" हा शब्द दाखल करण्यात येईल' असे तुटक वाक्य असते. सध्याच्या नियमाची प्रत काढा, पेन्सिलीने जुना शब्द खोडा, नवा वर लिहा आणि मग पूर्ण वाक्य मोठ्याने वाचा. महिन्याची मुदत एका शब्दात आठवड्यावर आली, हे असे केल्याशिवाय डोळ्यांना दिसत नाही.

मला विचाराल तर सर्वांत जास्त वेळ परंतुकांवर घालवावा. नियमाच्या पहिल्या वाक्यात सगळ्यांना दिलेले 'परंतु' नंतर हळूच काढून घेतलेले असते. याचे ठळक उदाहरण याच राज्यात घडले. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा अधिनियम, २००९ खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवायला सांगतो. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्याने आपल्या नियमांत दुरुस्ती केली. एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या जागांतून सूट मिळणार होती, आणि ती आली होती परंतुकातून. पालक मुंबई उच्च न्यायालयात गेले. मे महिन्यात स्थगिती मिळाली, १९ जुलै २०२४ रोजी ती दुरुस्ती रद्द झाली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. कारण सरळ होते: मूळ कायद्यात नसलेली सूट नियमातून देता येत नाही. पण मधल्या महिन्यांत प्रवेशाचे वेळापत्रक कोलमडले आणि ते भोगले लहान मुलांच्या घरांनी. म्हणून 'हे मूळ कलमात बसते का' हा प्रश्न मसुदा हातात असतानाच विचारायचा.

बाकी पाहण्याच्या जागा: अनुसूची आणि नमुने (खरी कटकट बहुधा अर्जाच्या नमुन्यात दडलेली असते), 'सक्षम प्राधिकारी' कोण, अपील कुठे, आणि जुन्या परवान्यांचे काय होणार. मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही पाठ आले असतील तर दोन्ही वाचा. दोन्हींच्या अर्थामध्ये फरक सापडला तर ती स्वतंत्र हरकत होते.

हरकत लिहिणे

बहुतेक हरकती इथेच वाया जातात. 'हा नियम अन्यायकारक असून तो त्वरित मागे घ्यावा' या वाक्याने कार्यासनाला काहीच करता येत नाही. हरकतींचा जो तक्ता तयार होतो, त्यात मसुद्याचा नियम क्रमांक, आलेली हरकत आणि विभागाचे अभिप्राय असे रकाने असतात, असे धरून लिहा. तुमचा मजकूर जसाच्या तसा त्या रकान्यात बसला पाहिजे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पाळणाघरांसाठी नियमांचा मसुदा आला आणि त्यात लिहिले आहे, 'प्रत्येक पाळणाघरास स्वतंत्र प्रवेशद्वार असेल'. स्वतःच्या घरात पाच-सहा मुले सांभाळणाऱ्या बाईंनी हरकत अशी लिहावी:

'मसुद्यातील नियम ५, खंड (ब). मी राहत्या सदनिकेत सहा मुलांचे पाळणाघर चालवते. सदनिकेला दुसरे दार काढायला इमारतीची रचना आणि सोसायटी दोन्ही परवानगी देणार नाहीत. या खंडामुळे घरगुती पाळणाघरे बंद पडतील. मुलांची सुरक्षितता हा हेतू असेल तर तो दाराला जाळीचा सुरक्षा दरवाजा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंदवही यांनी साध्य होतो. सबब खंड (ब) ऐवजी पुढील मजकूर दाखल करावा: "दहापेक्षा अधिक मुले असलेल्या पाळणाघरास स्वतंत्र प्रवेशद्वार असेल, इतर पाळणाघरांस सुरक्षा दरवाजा व नोंदवही असेल."'

यात नियमाचा नेमका क्रमांक आहे, लिहिणारीचा त्या विषयाशी असलेला संबंध आहे, घडणारा परिणाम आहे आणि पर्यायी मजकूर आहे. पर्यायी मजकुराची किंमत फार मोठी असते. पटलेला मुद्दासुद्धा कधी कधी फाइलवर तसाच राहतो, कारण नवे वाक्य लिहायला कोणाला सवड नसते. ते वाक्य तुम्ही आयते द्या.

एका नियमावर एक परिच्छेद. रागाचे शब्द काढून टाका. कायद्याचा मुद्दा असेल तर 'अधिनियमाच्या कलम अमुकशी विसंगत' एवढे पुरे. आवडलेल्या तरतुदींबद्दलही एक ओळ लिहा, कारण त्याच तरतुदीविरुद्ध दुसऱ्या कोणाची हरकत आलेली असू शकते. छापील एकसारख्या पत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा वेगवेगळ्या माणसांच्या स्वतःच्या अडचणी सांगणारी दहा पत्रे मला केव्हाही जास्त वजनदार वाटतात.

वेळेत पोचवणे

कायद्याचे शब्द 'तारखेपूर्वी मिळालेल्या' हरकतींविषयी आहेत. टपालात टाकल्याची तारीख उपयोगाची नाही. शेवटच्या दिवशी पोस्टात गेलात तर उशीर झालाच. अधिसूचनेत दिलेल्या पत्त्यावर, म्हणजे बहुधा विभागाच्या सचिवांच्या नावे मंत्रालय, मुंबई ४०० ०३२ येथे, पत्र आठवडाभर आधी पाठवा. ईमेल दिला असेल तर त्यावरही तोच मजकूर पाठवा. हातोहात देणार असाल तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या आणि ती प्रत जपा.

प्रसिद्धीच कायद्याने सांगितली तशी झाली नाही, तर तोही मुद्दा आहे. गुजरातच्या बाजार समिती कायद्यात अधिसूचना गुजराती वर्तमानपत्रातही छापायची अट होती. गोध्रा बाजार समितीच्या क्षेत्रात आले हा शेतमाल नियमनाखाली आणला गेला, पण वर्तमानपत्रातली प्रसिद्धी झाली नाही. ज्याच्यावर खटला भरला त्या व्यापाऱ्याच्या बाजूने १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. जो नियम लोकांना त्यांच्या भाषेत कळवायचा होता तो कळवलाच नाही, तर तो मोडला म्हणून शिक्षा कशी करणार? मूळ अधिनियमात अशी काही अट आहे का, ते पाहून ठेवा.

मुदत संपल्यावर

तुम्हाला स्वतंत्र उत्तर बहुधा येणार नाही. काही महिने काहीच हालचाल दिसणार नाही. मसुदा बदलून अंतिम होऊ शकतो, तसाच होऊ शकतो किंवा पडूनही राहू शकतो. हरकतींचे काय झाले हे जाणून घ्यायचे असेल तर माहिती अधिकारात अर्ज करा: दहा रुपये शुल्क, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. 'अमुक मसुद्यावर आलेल्या हरकतींचा तक्ता व त्यावरील विभागाचे अभिप्राय यांची प्रत' एवढे मागा. मंत्रिमंडळाची कागदपत्रे निर्णय होऊन विषय संपेपर्यंत मिळत नाहीत, म्हणून अंतिम अधिसूचना निघाल्यावर अर्ज केलेला बरा.

अंतिम नियम राजपत्रात आला की तो रीतसर केला गेल्याचा तो निर्णायक पुरावा मानला जातो, असे वाक्खंड अधिनियमच सांगतो. त्यानंतर 'कार्यपद्धती चुकली' हे सिद्ध करणे फार अवघड जाते. 'मूळ कायद्याच्या बाहेर गेला' हा मुद्दा मात्र उच्च न्यायालयात कधीही घेता येतो.

एक टप्पा अजून उरतो आणि तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. बहुतेक अधिनियमांत अट असते, की नियम विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांपुढे एकूण तीस दिवस ठेवायचा. हे दिवस अधिवेशनाचे मोजतात. मुंबईचे पावसाळी आणि नागपूरचे हिवाळी अधिवेशन बऱ्याचदा दोन-तीन आठवड्यांत आटोपते, त्यामुळे तीस दिवस भरायला एकाहून अधिक अधिवेशने जातात. अधिनियमात दिलेल्या मुदतीत दोन्ही सभागृहांनी मिळून नियम बदलायचे किंवा रद्द करायचे ठरवले तर तो बदलतो किंवा संपतो, मात्र त्याखाली आधी झालेले काम वैध राहते. विधिमंडळाची उपविधान समितीही असे नियम तपासते. तुमच्या आमदाराला भेटायला जाताना आवक शिक्का असलेली ती हरकतीची प्रत आणि अंतिम नियमाची प्रत, दोन्ही सोबत न्या. नियमातले नेमके वाक्य अधोरेखित करा आणि शेजारी तुमचा पर्यायी मजकूर लिहून द्या.